प्रेमिलाच्या कागदावरचा सूर्य

गोंदियाच्या बाजारात वाघ काढावा तो उदारामनेच, असं लोक म्हणत. बिडी कारखान्याची पाटी असो, राईस मिलचं फाटक असो, नाहीतर रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकची मागची फळी असो, त्याच्या हातचा वाघ लांबून ओळखू यायचा. मिशीचा केस न् केस वेगळा. डोळ्यांत असा काही ठिपका तो ठेवायचा की माणूस कुठूनही बघो, वाघ त्याच्याकडेच बघायचा. उदाराम मूळचा चिचगडचा. घरची धानाची शेती भाऊ बकाराम करायचा, आणि उदाराम ऐन तारुण्यात ब्रश घेऊन गोंदियाला आला तो तिथलाच झाला. त्याची बायको अनुसयाबाई, आणि नऊ वर्षांची एकुलती एक मुलगी प्रेमिला.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर मुलींच्या शाळेतून त्याला बोलावणं आलं. चित्रकलेच्या नव्या बाई, निर्मलाबाई, मुंबईच्या कलाशाळेत शिकून आल्या होत्या. त्यांनी स्वतःची आणि सोबत शिकलेल्या मित्रमैत्रिणींची मिळून सात चित्रं शाळेच्या मोठ्या खोलीत लावली होती आणि दारावर लावायला त्यांना पाटी हवी होती. ‘नव्या चित्रांचे प्रदर्शन’ एवढीच अक्षरं. उदारामने ती मन लावून रंगवली, पाटी स्वतः नेऊन खिळ्यावर टांगली, आणि आत डोकावला.

पहिल्या चित्रात नुसते निळे आणि करडे चौकोन होते. दुसऱ्यात एक बाई होती असं वाटत होतं, पण तिचं नाक बाजूने काढलेलं आणि डोळे समोरून. तिसऱ्यात तर मातकट रंगावर एकच वाकडी रेघ.

“हे उलटं तर नाही ना टांगलं, बाई?” त्याने विचारलं.

निर्मलाबाई खरोखरच उठून आल्या, चित्राजवळ जाऊन त्यांनी खालचा कोपरा पाहिला. “नाही, बरोबर आहे.”

“माझी पोट्टी अशी काढते, कोळशानं. भिंत खराब करते म्हणून तिची माय ओरडते.”

“मग तिला घेऊन या,” त्या म्हणाल्या. “या रविवारी मुलांना बोलावलंय. पण मुलांनी एकट्याने यायचं नाही. आई नाहीतर वडील, कोणीतरी मोठं माणूस बरोबर हवं. आणि दोघांनी मिळून एकाच कागदावर चित्र काढायचं.”

उदारामला हसू आलं. पण शाळेतल्या शिकलेल्या बाईने आपल्याला चित्र काढायला बोलवावं, हे त्याला मनातून आवडलंही. रविवारी तो धुतलेला सदरा घालून आणि रंगांचा डबा काखेत मारून प्रेमिलासोबत निघाला.

दहा-अकरा घरची माणसं आली होती. कापडाचे व्यापारी गुलाबचंद आपल्या दोन नातवांना घेऊन आले होते. कापडाच्या गाठींना गुंडाळून येणारा जाड खाकी कागद त्यांनीच दिला होता. जमिनीवर सतरंज्या, त्यांवर कागद, आणि मधे मातीच्या परळांत रंग: गेरू, हळद, नीळ, चुना, काजळी, सगळे डिंकाच्या पाण्यात कालवलेले.

निर्मलाबाई मध्यभागी उभ्या राहिल्या. “तुमच्या ओळखीची एक जागा आठवा,” त्या म्हणाल्या. “तिथं काय काय होतं ते काढू नका. तिथं असताना कसं वाटायचं, तेवढं कागदावर येऊ द्या. ब्रश नको असेल तर हाताने काढा. बरोबर आलं की चूक, हे इथं कोणी सांगणार नाही.”

मोठी माणसं एकमेकांकडे बघून हसली. मुलं मात्र लगेच परळांकडे सरकली.

प्रेमिलाने ब्रशला हात लावला नाही. तिने काजळीत थोडा गेरू मिसळला आणि तळहाताने कागद भरायला घेतला. उजव्या कडेपासून सुरुवात केली. एकावर एक हात फिरवत गेली, मधे कुठे कागद दिसला तर तिथे परत हात फिरवला. डावीकडे वीतभर जागा तिने कोरी सोडली. काळ्याची कड तिने वरून गोलसर आणली. मग हात फडक्याला पुसले, एकच बोट हळदीत बुडवलं आणि काळ्याच्या पोटात वरून खाली एक बारीक रेघ ओढली. ओढून झाल्यावर ती मागे सरून बसली आणि कागदाकडे बघत राहिली.

उदाराम तोवर नुसता बघत होता. पोरगी अजून काहीतरी काढेल, घर नाही तर झाड तरी काढेल, अशी तो वाट बघत होता. तेवढ्यात गुलाबचंद फिरत फिरत तिथे आले.

“क्यों उदाराम, बिटिया ने अमावस बना दी क्या?”

बोलण्यात वाईट काही नव्हतं. आजूबाजूचे दोघंतिघं हसले, तेही सहज. पण उदारामच्या कानाची पाळी तापली. या खोलीत हातात कला असलेला माणूस तो एकटा, आणि त्याच्याच पुढ्यात असा कागद. त्याने डबा उघडला. पाट्यांसाठी वापरायचे तेलाचे रंग त्यात होते.

काळ्याची गोल कड त्याने आधी करडी केली, आणि तिचा डोंगर झाला. डोंगरावर दोन ताडाची झाडं उभी केली. हळदीची रेघ त्याला किरणासारखी वाटली, म्हणून तिच्या टोकाशी पिवळा, मग केशरी, मग तांबडा असा सूर्य काढला. डावीकडच्या कोऱ्या जागेत उडणारे दोन पोपट. पाव तासात सगळं झालं. माणसं गोळा होऊन बघत होती. गुलाबचंदांनी “वाह” म्हटलं, आणि दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

प्रेमिला उठून उभी राहिली होती. फ्रॉकच्या घोळाला हात पुसत होती.

“प्रेमिला,” निर्मलाबाईंनी हळूच विचारलं, “तुझं काढून झालं होतं का?”

“हो,” ती म्हणाली आणि हात धुवायला बाहेर नळावर गेली.

उदारामने ते ऐकलं होतं. पण तेव्हा त्याला त्यात काही वाटलं नाही. कागद शाळेतच वाळत ठेवून दोघं घरी आली. वाटेत त्याने तिला भाजलेले शेंगदाणे घेऊन दिले. तिने ते घरी येईपर्यंत पुडीतच धरून ठेवले.

पुढचे पंधरा दिवस घरात काही बिघडलं नाही. प्रेमिला शाळेत जायची, यायची, आईला पाणी भरू लागायची. पण चुलीजवळच्या भिंतीवर नवं काही उमटलं नाही. वहीच्या समासात माणसं आणि बैल दिसेनात. उदाराम आणायचा त्या जुन्या बिडी-लेबलांच्या कोऱ्या पाठी तशाच थप्पी लागून पडल्या. हे आधी लक्षात आलं ते अनुसयाबाईच्या.

“तुमी तिच्या कागदाले हात काऊन लावला?” एका सकाळी भाकरी थापता थापता तिने विचारलं.

“अवं, सुधरवून देल्लं. लोक हसून राहिले होते.”

“कोन हसले?”

“गुलाबचंद सेठ.”

“सेठ हसले म्हनून तुमी पोरीचं चित्र झाकून टाकलं.” तिने भाकरी उलटली. “मी भिंत लिपली आन् कोनी येऊन तिच्यावर आपला हात फिरवला त मले चालंल का?”

 दुपारी प्रेमिला शाळेतून आल्यावर उदारामने तिला जवळ बसवलं. “त्या दिवशीचं ते तू काय काढलं होतं?”

ती पाटीवरची धूळ बोटाने पुसत होती. “आता तो डोंगर आहे,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. एखाद्या ठिकाणचा रस्ता सांगावा तसं तिने सांगितलं. उदाराम त्या रात्री जेवला, झोपला, पण दुसऱ्या दिवशी काम सोडून तो शाळेत गेला.

निर्मलाबाईंनी कपाटातून कागदाची गुंडाळी काढून दिली. भिंतीवर लावलेल्या मुलांच्या चित्रांत त्यांनी ते चित्र लावलं नव्हतं. उदारामने कागद बाकावर पसरला, फडकं ओलं केलं आणि पोपटांपासून सुरुवात केली. पोपट हलेनात. तेलाचा रंग कागदात मुरून वाळला होता. मग त्याने सूर्यावर फडकं घासलं. सूर्य जिथल्या तिथे राहिला, आणि शेजारची काजळी मात्र सुटून फडक्यावर आली. तो थांबला. फडक्याकडे बघितलं. पुन्हा एकदा, अगदी हलक्या हाताने, कडेकडेने पुसून पाहिलं. तरी तेच.

“माझा रंग निघत नाही, बाई,” तो म्हणाला. “आन् तिचा हाताले लागून राहिला.”

निर्मलाबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी त्याची समजूत काढली नाही.

“दुसरा कागद द्या,” थोड्या वेळाने उदाराम म्हणाला. “तिच्याकडून परत काढून घेतो.”

“तिला नका सांगू. तुम्ही काढा.”

“मी काय काढू? वाघ?”

“त्या रविवारी मी सांगितलं होतं ना, ओळखीची एक जागा. ते मोठ्या माणसांनाही सांगितलं होतं. मुलं बसली काढायला. तुम्ही कोणी बसला नाहीत.” त्यांनी गुंडाळीतून दोन-तीन हात लांब कागद कापून त्याच्या हातात दिला आणि डिंकाची पुडीही दिली. “डबा मात्र उघडू नका.”

रविवारी सकाळी उदारामने अंगणात कागद पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. काजळी, गेरू, हळद, चुना कालवून घेतले आणि मांडी घालून बसला. अनुसयाबाई एकीकडे ओसरी सारवत होती. तिच्या हाताशी शेणाची पाटी होती आणि भिंतीसाठी पांढरी छुई माती कालवलेलं भांडंही होतं. प्रेमिला पायरीवर वालाच्या शेंगा सोलत होती. बापाकडे तिने एकदा बघितलं आणि परत शेंगांकडे वळली.

तासभर त्याला काही सुचलं नाही. हात आपोआप वाघाच्या पाठीची कमान काढायला जायचा आणि तो हात मागे घ्यायचा. वाघ कुठल्या जागेचा नव्हता. तो जन्मभर इतरांच्या जागांवर काढत आलेला वाघ होता.

ओळखीच्या जागा आठवता आठवता त्याला कोहमारा आठवलं.

तीन वर्षांपूर्वी अनुसयाबाईला छातीचा आजार झाला होता. नागपूरच्या दवाखान्यात तिला पाच महिने राहावं लागलं. लहान मुलांना तिथे येऊ देत नसत. उदारामने गोंदियाच्या घराला कुलूप लावलं, सहा वर्षांच्या प्रेमिलाला चिचगडला भावाकडे सोडलं आणि स्वतः कोहमाऱ्याला जाऊन राहिला. तिथे मोठ्या सडकेवर ट्रक थांबायचे, फळ्या रंगवायचं काम मिळायचं, आणि दर शनिवारी कोणत्या ना कोणत्या ट्रकवाल्याच्या शेजारी बसून नागपूर गाठता यायचं. सडक तिथून एकीकडे नागपूरला जाई आणि दुसरीकडे देवरीला. देवरीहून पुढे चिचगड.

त्याने ब्रश बाजूला ठेवला आणि पंजाला गेरू लावला. कागदाच्या मधोमध पंजा टेकवला. तिथून डावीकडे, कागदाच्या कडेपर्यंत, पूर्ण हात ओढत नेला. परत मधून सुरुवात केली आणि परत ओढला. पट्टा जाड होत गेला, दोनदा, पाचदा, दहादा. मग उजवीकडे एक बोट ओढलं, आणि ते कागदाच्या अर्ध्यात थांबलं.

सोललेल्या शेंगांची टोपली घेऊन प्रेमिला कधी जवळ आली ते त्याला कळलं नाही.

“हे कोहमारा आहे?” तिने विचारलं.

“तुले कसं समजलं?”

“दोन रस्ते आहेत. मले सोडाले गेले तवा आपन तिथं चहा पेलो होतो.” ती वाकून बघू लागली. “बाबा, ही रेघ अर्धी काऊन?”

 “तिकडं मी एकदाच आलो, बेटा. पाच महिन्यांत एकदा.”

ओसरीवर सारवणारा हात थांबला होता. अनुसयाबाई शेणाचे हात तसेच घेऊन खाली आली आणि कागदाच्या कडेला उकिडवी बसली. डावीकडच्या जाड पट्ट्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

“हा माझ्याकडं येनारा?”

“हो.”

ती उठली, हात धुतले आणि छुई मातीचं भांडं घेऊन आली. “थोडं सरका,” म्हणाली. जाड पट्टा जिथे कागदाच्या टोकाला पोचत होता तिथे तिने पोतेरं पांढऱ्या मातीत बुडवून फिरवलं. दर सणाला भिंतीवर फिरवते तसा सैल, अर्धगोल हात. एकही जागा चुकली नाही, एकही दोनदा झाली नाही. उदारामने आयुष्यभर रंग लावला होता, पण एवढा एकसारखा हात त्याला कधी साधला नव्हता. पांढरं वाळायच्या आत तिने करंगळी काजळीत बुडवून वरच्या कोपऱ्यात एक बारीक खूण केली.

“ते काय?” प्रेमिलाने विचारलं.

“पाल. दवाखान्यात मी उतानी पडून राहो, आन् वरतं सारं पांढरं. पाहाले काही नाही. एक पाल रोज संध्याकाळी त्या कोपऱ्यातून निंघे. मी तिची वाट पाहो.” अनुसयाबाई किंचित हसली. “आन् शनिवारी हे येत. मी पयले तुझंच इचारो. हे म्हनत, पोरगी मजेत आहे, दिवसभर खेळते, जेवते चांगली. ते आयकून मी हप्ताभर बरी राहो.”

“मी मजेत नव्हती,” प्रेमिला म्हणाली.

 शेजारच्या घरी कोणीतरी धान कांडत होतं, त्याचा ठोका तेवढा ऐकू येत होता. उदाराम मान खाली घालून हाताचा वाळलेला गेरू खरवडत होता. अनुसयाबाईने त्याच्याकडे बघितलं.  मग मुलीकडे वळून तिने विचारलं, “मग कुठं राहत होतीस दिवसभर?”

प्रेमिलाने काजळीत हात घातला. बापाची अर्धी रेघ जिथे संपत होती त्याच्या बऱ्याच पुढे, कागदाच्या उजव्या टोकाशी, तिने परत तोच काळा गोलसर आकार भरला, लहानसा. हळदीची रेघ ओढली.

“काकांच्या घरी धानाची ढोली आहे ना, मोठी. तिच्या मांगं.”

ढोली म्हणजे बांबूच्या तट्ट्याची, शेणमातीने लिंपलेली, माणसापेक्षा उंच कणगी. तिच्या आणि भिंतीच्या मधे जागा असते ती मांजराच्या उपयोगाची. सहा वर्षांची पोर पाच महिने त्या अंधारात बसून होती, हे उदारामच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्या अंधारावर आपण सूर्य काढला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो उठला आणि आडोशाला जाऊन तोंड धुऊन आला.

तिघांच्या तीन ठिकाणांच्या मधे कागदावर बरीच कोरी जागा उरली होती. ती त्या दिवशी कोणी भरली नाही. संध्याकाळी प्रेमिलाने कागद गुंडाळून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने काढलेली एक लांबलचक पाल दिसली. अनुसयाबाईने ती पुसली नाही.

संक्रांतीच्या सुट्टीत उदाराम दोघींना घेऊन चिचगडला गेला. भावाला आणि भावजयीला काही विचारावं असं त्याच्या मनात होतं, काय ते त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. बकाराम खळ्यावर होता. भावजय नंदाबाईने पाय धुवायला पाणी दिलं, चहा केला. चहा पिऊन झाल्याबरोबर उदाराम माजघरात गेला. नवं धान नुकतंच भरलं होतं, ढोली तुडुंब होती, आणि तिच्या तोंडाला ताज्या शेणाचं लिंपण होतं. त्याने ढोलीच्या मागे डोकावलं. खांदा आत जाईना. आडवा होऊन त्याने एक हात खांद्यापर्यंत आत घातला. भिंत गार होती. नव्या धानाचा वास येत होता.

“काय सांडलं का जी तिथं?” नंदाबाईने विचारलं.

“नाही. प्रेमिला इथं बसत होती म्हने.”

नंदाबाईचा चेहरा पडला. “भाऊजी, आमी पोरीले उपाशी ठेवलं नाही. मारलं त कधीच नाही. माझी पोरं खात ते हिले आधी वाढो.” ती अनुसयाबाईकडे वळली. “ती बोलेच ना. मी रोज बोलावो, खेळाले जा म्हनो. मी तरी काय करो, बाई.”

अनुसयाबाईने तिचा हात धरला. उदाराम मधल्या मधे ओशाळून उभा राहिला. एवढ्यात प्रेमिला पुढे आली.

“काकू, तुमच्यापाई नाही. मले तिथं बरं वाटे.”

“बरं?” उदाराम म्हणाला. “मले वाटलं, तू तिथं रडत बसत होतीस.”

“रडो त मी बाहेर. तिथं नाही.” ती ढोलीच्या कडेला गेली. नऊ वर्षांची असूनही अंग चोरून ती जेमतेम आत शिरली. आतून तिचा आवाज आला, थोडा घुमल्यासारखा. “इथं कोनी इचारत नाही, तुझी आई कधी येईन म्हनून. सकाळी भिंतीच्या फटीतून ऊन येते. जराशाक वेळ येते मग जाते. मी त्याच्यात हात धरो. तवा मी आईले मनात सांगत जाओ, काल काय झालं ते.”

“काय सांगत होतीस?” अनुसयाबाईने विचारलं.

“काही बी. बैलाले लागलं. काकूनं तिळाचे लाडू केले.”

नंदाबाई पदराने डोळे पुसत होती. उदाराम ढोलीला टेकून उभा होता. शाळेत त्याला त्या काळ्यात डोंगर दिसला होता. घरी अंगणात त्याला त्यात तुरुंग दिसला होता. दोन्ही वेळा त्याने पोरीला पुरतं बोलू दिलं नव्हतं. अजूनही त्या जागेचं बरंचसं आपल्याला कळलेलं नाही, असं त्याला वाटलं, आणि कळायलाच पाहिजे असंही नाही, हेही वाटलं. तो इतकंच म्हणाला, “ऊन कोण्या बाजूनं येते?”

“या.” आतून बोटाचा टकटक आवाज आला. तो भिंतीला वळसा घालून बाहेर गेला, ती फट शोधून काढली, आणि बाहेरून तिच्यावर टकटक केलं. आतून उत्तर आलं. असं दोनतीनदा झालं. खळ्यावरून आलेला बकाराम दारात उभा राहून आपला भाऊ घराची भिंत का ठोकतोय ते बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी परतताना कोहमाऱ्याला त्यांना गोंदियाच्या मोटारीसाठी थांबावं लागलं. उदारामने मुलीला आपली जागा दाखवली. धाब्यामागचं चिंचेचं झाड, त्याखाली तो फळ्या टेकवून ठेवायचा. झाडाच्या बुंध्यावर ब्रश पुसून पुसून झालेले रंगांचे थर अजून होते. प्रेमिलाने त्यांवरून हात फिरवला आणि कोणता रंग कोणत्या ट्रकचा ते विचारलं. काही त्याला आठवले, काही नाही.

“आता आईची जागा राहिली,” ती म्हणाली. “नागपूरची. तिथं कधी जाचं?”

अनुसयाबाई बाकावर बसून चहा बशीत ओतत होती. “मले नाही जाचं,” ती म्हणाली.

“पाल पाहाले बी नाही?”

“नाही. त्या खोलीत माझ्या बाजूच्या दोघी गेल्या. त्या मी कागदावर काढल्या नाही, आन् काढनार बी नाही.” तिने बशी ओठाला लावली, चहा संपवला. “तुमाले पाहाची असन त तुमी दोघं पाहून या.”

प्रेमिलाने बापाकडे बघितलं. उदारामने मान हलवली, नाही अशा अर्थाने. तिने परत विचारलं नाही. ती आईच्या शेजारी बाकावर जाऊन बसली आणि तिघं सडकेकडे बघत राहिली. रायपूरकडून धानाच्या पोत्यांनी भरलेले ट्रक येत होते. त्यातल्या एकाच्या फळीवर उदारामच्या हातचा वाघ होता, चिखलाने अर्धा झाकलेला. तो पुढे निघून गेल्यावर अनुसयाबाईने विचारलं, घरी जाऊन भाजी काय करायची. वांगी आहेत, प्रेमिला म्हणाली, आणि गोंदियाची मोटार वळणावर दिसली तशी सामानाची पिशवी घेऊन उभी राहिली.